स्टिकरमागची बॅट

दिल्लीच्या ईशान्येला सुमारे सत्तर किलोमीटरवर असलेले मेरठ हे शासकीय व्याख्येनुसार राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचाच भाग असून, जालंधरच्या जोडीने ते भारतातील क्रिकेट-बॅटींच्या उत्पादनाचे प्रमुख केंद्र आहे. त्यामुळे दिल्ली, नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्राम येथे राहणाऱ्या कुटुंबाला बॅट घेताना एक सोय आपोआप लाभते, जी पुण्याच्या वा नागपूरच्या कुटुंबाला सहसा मिळत नाही: बॅट जिथे घडते तिथे सकाळी जाऊन, एकाच प्रतीच्या आठ-दहा बॅटी हातात धरून पाहून, त्यांतली एक घेऊन संध्याकाळी घरी परतता येते. दिल्ली-मेरठ द्रुतगती मार्ग २०२१ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून आणि नमो भारत गाडी २०२४ मध्ये मेरठ साउथपर्यंत पोहोचल्यापासून हा प्रवास आणखी सोपा झाला आहे. तरीही या भागातल्या पुष्कळ बॅटी मोबाइलच्या पडद्यावरील छायाचित्रे, खेळाडूंची नावे आणि टक्क्यांत मांडलेले दावे पाहूनच घेतल्या जातात. जाहिरातीत जे दाखवता येते त्याचा बॅटच्या खेळण्याशी संबंध फार थोडा असतो, आणि ज्याचा संबंध असतो ते छायाचित्रात येत नाही, ही या खरेदीतली मूळ अडचण आहे.

बॅटमध्ये नावीन्याला जागा किती आहे, हे आधी पाहिलेले बरे. क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबच्या, म्हणजे एमसीसीच्या, नियमावलीतील पाचव्या नियमानुसार पाते केवळ लाकडाचे असावे लागते; बॅटची एकूण लांबी ९६.५२ सेंटिमीटरपेक्षा आणि रुंदी १०.८ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आणि ऑक्टोबर २०१७ पासून कडेची जाडी ४ सेंटिमीटर व पात्याची खोली ६.७ सेंटिमीटर यांपलीकडे जाता येत नाही. रुंदीची मर्यादा तर अठराव्या शतकापासूनची आहे. पात्यावर चिकटवायचे संरक्षक आवरणदेखील एक मिलिमीटरपेक्षा जाड असता कामा नये. इतक्या आखलेल्या चौकटीत दर हंगामाला नवे नाव, नवा रंग आणि नवी किंमत घेऊन येणारी बॅट आतून फार वेगळी असण्याची शक्यता मुळातच कमी असते, आणि 'या वर्षीचे मॉडेल' हा शब्दप्रयोग लाकडाच्या वस्तूला तसा विजोडच वाटतो.

उत्पादकाच्या हातात उरतात त्या मोजक्या गोष्टी. विलो झाडाच्या खोडाचे उभे फाडलेले पाचरीसारखे तुकडे, ज्यांना या धंद्यात क्लेफ्ट म्हणतात, त्यांची निवड करणे. ते योग्य तेवढे वाळवणे. यंत्राच्या रुळाखाली दाबून मऊ लाकडाचा पृष्ठभाग घट्ट करणे, म्हणजेच प्रेसिंग. मग पात्याला आकार देणे, वजनाचा तोल साधणे आणि वेताचे हँडल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराच्या खाचेत पक्के बसवणे. यांपैकी प्रेसिंग ही सर्वांत नाजूक पायरी असते, कारण दाब कमी पडला तर पाते चेंडूच्या पहिल्या काही माऱ्यांतच खोलगट होते, आणि दाब अधिक झाला तर लाकडातील लवचीकपणा मरून चेंडू बॅटवरून उडतच नाही. एकाच झाडाचे दोन क्लेफ्टसुद्धा सारख्या दाबाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. म्हणूनच एका कंपनीच्या एकाच नावाच्या दोन बॅटींमधला फरक दोन नामांकित कंपन्यांमधल्या फरकाहून मोठा निघू शकतो. खरेदीदाराने कंपनी निवडण्यात जितका वेळ घालवला असेल त्याहून अधिक वेळ नग निवडण्यात घालवावा, असे म्हणण्यामागचे कारण हेच आहे.

मेरठचा इतिहासही या म्हणण्याला दुजोरा देतो. खेळसाहित्याचा हा उद्योग मूळचा सियालकोटचा. फाळणीनंतर तेथील कारखानदार आणि कारागीर जालंधर व मेरठ येथे येऊन स्थिरावले. 'एसजी' या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी सॅन्सपॅरिल्स ग्रीनलँड्स ही कंपनी १९३१ मध्ये सियालकोटमध्येच सुरू झाली होती, तर 'एसएस'च्या नावाने बॅटी विकणारी सरीन स्पोर्ट्स इंडस्ट्रीज १९६९ मध्ये मेरठमध्ये उभी राहिली. बीडीएम हे तिसरे जुने नावही याच शहरातले. या कंपन्यांच्या शेजारीच, सूरजकुंड परिसरात आणि आसपासच्या गल्ल्यांत, असंख्य लहान कारखाने आहेत, जे स्वतःच्या नावाने, दुसऱ्याच्या नावाने किंवा कोणत्याच नावाशिवाय बॅटी घडवतात. महागड्या बॅटींसाठी लागणारे इंग्लिश विलोचे क्लेफ्ट बहुतांशी इंग्लंडमधून येतात, आणि तेथील सर्वांत मोठ्या पुरवठादारांपैकी एक असलेली, एसेक्स परगण्यातली जे. एस. राइट अँड सन्स ही पेढी १८९४ पासून हाच व्यवसाय करीत आली आहे. लाकडाचे मूळ एक, शहर एक आणि कारागिरीची परंपराही एक असल्यावर, दोन स्टिकरांच्या किमतींत दिसणारी दुपटीची तफावत सगळीच्या सगळी लाकडातून आलेली असेल, असे मानायला फारसा आधार राहत नाही.

स्टिकर आणि निर्माता यांचे नाते तर मुळातच सैल आहे. चेन्नईच्या एमआरएफ या टायर कंपनीचे नाव सचिन तेंडुलकर, ब्रायन लारा आणि विराट कोहली यांच्या बॅटींवर झळकले ते जाहिरातीच्या करारामुळे, आणि टायर बनवण्याच्या कौशल्याचा विलोशी संबंध नाही हे सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीने वेगवेगळ्या सामन्यांत वेगवेगळ्या कंपन्यांचे स्टिकर लावले, ते कारकिर्दीत साहाय्य करणाऱ्यांविषयीची कृतज्ञता म्हणून आणि मोबदला न घेता, असे त्याच्या व्यवस्थापकाकडून सांगण्यात आले. पुढे २०२४ च्या आयपीएलपूर्वी सरावात त्याच्या बॅटवर रांचीतल्या एका मित्राच्या दुकानाचे नाव दिसले. चांगल्या अर्थाने घडलेल्या या गोष्टींतून खरेदीदाराला कळते ते एवढेच की स्टिकर बदलल्याने बॅट बदलत नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय खेळाडूची बॅट त्याच्या मापाने, त्याच्या सांगण्यावरून, निवडक क्लेफ्टमधून बनते आणि बनलेल्या अनेक बॅटींतूनही तो थोड्याच ठेवून घेतो. दुकानातल्या फळीवर 'प्लेअर्स एडिशन' म्हणून टांगलेली बॅट त्या बॅटीचे भावंड असते, असे गृहीत धरता येत नाही. बॅटींचे स्टिकर सुटे विकत मिळतात, हेही ध्यानात असावे, कारण नामांकित बॅटींच्या नकला याच सोयीवर चालतात.

किमतीचा सर्वांत मोठा आधार असतो तो ग्रेड, म्हणजे प्रत, आणि गैरसमजही सर्वांत अधिक इथेच आहेत. पात्याच्या दर्शनी बाजूवर वरून खाली जाणाऱ्या ज्या उभ्या रेषा दिसतात त्यांना ग्रेन म्हणतात. त्या झाडाच्या वार्षिक वाढीच्या रेषा होत, त्यामुळे एक ग्रेन म्हणजे झाडाच्या वयाचे एक वर्ष. पाते १०.८ सेंटिमीटर रुंद धरले, तर आठ ग्रेनच्या बॅटमधील झाड दरवर्षी सरासरी साडेतेरा मिलिमीटर आणि बारा ग्रेनच्या बॅटमधील झाड नऊ मिलिमीटर वाढले असले पाहिजे. दाट ग्रेनचे लाकूड सावकाश वाढलेले असल्याने अशी बॅट साधारणपणे लवकर 'खुलते', म्हणजे थोड्याच वापरानंतर चेंडू चांगला उडवू लागते, मात्र ती तुलनेने लवकर थकते असाही कारागिरांचा अनुभव आहे. विरळ ग्रेनची बॅट उशिरा खुलते आणि बहुधा जास्त दिवस टिकते. म्हणजे ग्रेनच्या संख्येवरून बॅटच्या आयुष्याच्या घडणीचा थोडाफार अंदाज बांधता येतो, तिच्या ताकदीचा नाही. तरीही बारा ग्रेनची बॅट आठ ग्रेनच्या बॅटपेक्षा चढ्या दराने विकली जाते आणि घेणाराही ती आनंदाने घेतो.

प्रतवारी करताना ग्रेनच्या सरळपणाबरोबर लाकडाचा पांढरेपणा, डागांचा अभाव आणि गाठी नसणे हे पाहिले जाते. थोडक्यात, ही प्रतवारी दिसण्याची आहे. चेंडू मारून, उसळी मोजून प्रत ठरवण्याची रीत या व्यापारात नाही, आणि जगभर सर्वांनी पाळावी अशी एकच प्रतवारीही नाही, म्हणून एका कंपनीची 'ग्रेड एक' दुसरीच्या 'ग्रेड दोन'च्या तोडीची असू शकते. खोडाच्या गाभ्याकडील तांबूस लाकडाचा पट्टा कडेला आला की बॅटची प्रत उतरते. फुलपाखराच्या पंखांसारखे तपकिरी ठिपके उमटले, ज्यांना व्यापारात बटरफ्लाय स्टेन म्हणतात, तर ती आणखी खाली ढकलली जाते. खरे तर हे ठिपके असलेले लाकूड चिवट असते आणि अशा बॅटी पुष्कळदा टिकाऊ निघतात. ज्याला बॅट भिंतीवर लावायची नसून तिने खेळायचे आहे, त्याच्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीची, किंचित डागाळलेली पण हलकी व तोलदार बॅट हाच किमतीच्या मानाने सर्वांत शहाणपणाचा सौदा ठरतो. गाठ मात्र पात्याच्या मधल्या भागात, जिथे चेंडू लागायचा तिथे, असेल तर कितीही सवलत मिळाली तरी ती बॅट सोडून द्यावी.

अलीकडच्या जाहिरातींत प्रतीपेक्षाही मोठी जागा जाड कडांनी घेतली आहे. चाळीस मिलिमीटरची कड, भरीव पाठ आणि तरीही वजन कमी, असे तिन्ही दावे एकत्र वाचायला मिळतात. ते एकत्र कसे शक्य होतात याचा विचार केला की बॅट पाहण्याची दृष्टीच बदलते. लाकडाचे आकारमान वाढवून वजन तेवढेच ठेवायचे झाल्यास तीन वाटा उरतात. पहिली वाट निसर्गतः हलका क्लेफ्ट मिळण्याची, आणि असे क्लेफ्ट दुर्मीळ असल्याने ते खरोखरच महाग असतात. दुसरी वाट कोरण्याची: पाठीच्या मधल्या कण्यापासून कडांपर्यंतचा भाग आतून खोलगट करायचा, ज्याला कॉनकेव्हिंग म्हणतात, त्यामुळे कड जाड दिसते, पण लाकूड केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी गेलेले असते, आणि मधल्या भागात चेंडूमागचा आधार उलट घटतो. तिसरी वाट सर्वांत फसवी, ती म्हणजे लाकूड नेहमीपेक्षा अधिक सुकवणे. विलोमध्ये साधारण दहा-बारा टक्के आर्द्रता ठेवण्याची पद्धत आहे. ती आणखी उतरवली की मोठ्या आकाराची बॅट हातात फुलासारखी हलकी लागते, दुकानात तिचा आवाजही छान येतो, आणि महिना-दोन महिन्यांच्या खेळात तिला तडे जाऊ लागतात. व्यावसायिक खेळाडूला हे परवडते, कारण त्याला बॅटी पुरवल्या जातात. अकादमीत जाणाऱ्या मुलाच्या पालकांना ते परवडत नाही.

टक्क्यांतल्या दाव्यांचे उत्तम उदाहरण खुद्द दिल्लीने पाहिले आहे. १९ मार्च २०१० रोजी फिरोजशाह कोटला मैदानावर, ज्याला आता अरुण जेटली स्टेडियम म्हणतात, चेन्नई सुपर किंग्जच्या मॅथ्यू हेडनने दिल्ली डेअरडेव्हिल्सविरुद्ध ४३ चेंडूंत ९३ धावा केल्या, त्या 'मंगूस' नावाच्या आखूड पात्याच्या आणि लांब हँडलच्या बॅटने. पाते नेहमीपेक्षा सुमारे एक तृतीयांश आखूड असल्याने वीस टक्के अधिक ताकद आणि पंधरा टक्के अधिक वेग मिळतो, असा उत्पादकाचा दावा होता. हा दावा वाचणाऱ्याने विचारायचे प्रश्न असे: कोणत्या बॅटच्या तुलनेत, कोणत्या वजनाला, कुणी मोजले आणि कुणाच्या हातात? हेडनच्या खेळीने यांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही, कारण आदल्याच, म्हणजे २००९ च्या, आयपीएलमध्ये तोच फलंदाज नेहमीच्या बॅटने ५७२ धावा काढून स्पर्धेत अव्वल ठरला होता. आखूड पात्याने बचाव करणे अवघड जाते ही अडचण जाहिरातीत अर्थातच नव्हती, आणि काही हंगामांतच ती बॅट मोठ्या क्रिकेटमधून दिसेनाशी झाली.

त्याआधीची दोन प्रकरणेही बोलकी आहेत. डिसेंबर १९७९ मध्ये डेनिस लिली पर्थच्या कसोटीत ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला, तेव्हा झालेल्या वादाचा त्या बॅटच्या विक्रीला फायदाच झाला, आणि नंतर पाते लाकडाचेच असावे असे नियमात स्पष्ट लिहिले गेले. २००६ मध्ये कूकाबुरा कंपनीच्या ज्या बॅटच्या पाठीवर ग्राफाइटचा थर होता आणि जी रिकी पाँटिंग वापरत असे, ती एमसीसीने नियमबाह्य ठरवली. अशा बंदीतून वस्तूविषयी एक वलय निर्माण होते, जणू तिच्यात काही विलक्षण सामर्थ्य असल्यामुळेच ती रोखली गेली. प्रत्यक्षात बंदी सामग्रीवर होती, त्या बॅटींमुळे धावा वाढतात असे कुणी सिद्ध केले म्हणून ती आली नव्हती. याउलट २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी बांबूच्या बॅटचे मोजमाप करून ती विलोपेक्षा अधिक ताठ व तिचा उपयुक्त भाग अधिक मोठा असल्याचे मांडले, आणि पाते केवळ लाकडाचे असावे या नियमात बांबू बसत नाही, असे एमसीसीने लगेच कळवले. विलो स्पर्धेत आजवर टिकला त्यात त्याच्या गुणांइतकाच नियमाचाही वाटा आहे, हे यावरून दिसते.

काश्मिरी विलोविषयी दोन्ही टोकांची अतिशयोक्ती ऐकू येते. अनंतनाग जिल्ह्यातील संगम आणि बिजबेहारा परिसरात बनणाऱ्या या बॅटी इंग्लिश विलोपेक्षा घन व जड लाकडाच्या, कमी उसळी देणाऱ्या पण दणकट असतात, आणि त्यांची किंमत बरीच कमी असते. २०२२ च्या टी-२० विश्वचषकात संयुक्त अरब अमिरातीच्या जुनैद सिद्दीकने श्रीलंकेविरुद्ध १०९ मीटर लांब षटकार मारला, तो काश्मिरी विलोच्या बॅटने, म्हणून त्याचा मोठा गाजावाजा झाला. जुनैद हा मुळात गोलंदाज, आणि एका षटकाराने लाकडाची प्रत सिद्ध होत नाही. तरी काश्मिरी विलो म्हणजे केवळ टेनिस बॉलपुरती वस्तू, हा दिल्लीच्या दुकानांत ऐकू येणारा शेराही तितकाच पोकळ आहे. चामड्याच्या चेंडूने नुकतेच खेळू लागलेल्या आणि दर वर्षी उंची वाढणाऱ्या मुलाला चांगली काश्मिरी बॅट पुरेशी होते. तिची मर्यादा वजनात आहे, म्हणून ती घेताना तराजू अधिक कडक लावावा.

दुकानात पाऊल टाकल्यावर तराजू हीच पहिली मागणी असावी. पूर्ण मापाच्या बॅटचे वजन साधारण ११५० ते १२५० ग्रॅमच्या आसपास असते. जुने दुकानदार ते पौंड-औंसांत सांगतात, तेव्हा दोन पौंड आठ औंस म्हणजे ११३४ ग्रॅम आणि पुढचा प्रत्येक औंस सुमारे २८ ग्रॅम, हा हिशेब जवळ असावा. सांगितलेले वजन हँडलवर रबरी ग्रिप चढवण्यापूर्वीचे की नंतरचे, हेही विचारावे. परंतु काट्यावरचे वजन हे अर्धेच सत्य असते, कारण तेच वजन पात्याच्या खालच्या टोकाकडे साठले असेल तर बॅट जड भासते आणि वरच्या बाजूला पसरले असेल तर हलकी. याला खेळाडू पिकअप म्हणतात आणि तो मोजायचे साधन हातच आहे. उजव्या हाताच्या फलंदाजाने केवळ डाव्या, म्हणजे वरच्या, हाताने बॅट धरून ती सरळ रेषेत पाच-सात वेळा मागे उचलावी आणि पुढे आणावी. मनगट वळू लागले किंवा बॅटचे तोंड फिरू लागले तर ती बॅट कितीही देखणी असली तरी त्या हातासाठी जड आहे. चेंडू किती वेगाने जाईल हे ठरवण्यात बॅटच्या वस्तुमानाइतकाच, किंबहुना अधिक, वाटा ती चेंडूला भिडते त्या क्षणीच्या तिच्या वेगाचा असतो, आणि जड बॅटने तो वेग गाठणे प्रत्येकाच्या मनगटाला साधत नाही.

यानंतर पाहायचा तो उपयुक्त पट्टा, ज्याला खेळाडू मिडल म्हणतात: पात्यावरचा असा भाग जिथे चेंडू लागला असता हाताला झिणझिण्या येत नाहीत आणि चेंडू सर्वाधिक वेगाने परततो. तो खालच्या टोकापासून साधारण पंधरा सेंटिमीटरच्या आसपास असतो, पण पाठीचा फुगवटा कुठे ठेवला आहे त्यावर वर-खाली सरकतो. दिल्लीच्या परिसरातील बहुतेक मैदानांवर खेळपट्टी संथ आणि उसळी कमी असल्याने खाली सरकलेला मिडल इथे सोयीचा पडतो. ऑस्ट्रेलियातील उसळत्या खेळपट्ट्यांसाठी आखलेला उंच मिडल, तो कितीही मोठ्या खेळाडूच्या नावाने विकला जात असला तरी, इथल्या मॅटिंगवर किंवा सिमेंटच्या पट्टीवर फुकट जातो. लाकडी हातोड्याने किंवा जुन्या चेंडूने पात्यावर वरून खाली हलके ठोके देत गेले म्हणजे कुठे हातोडा उसळतो आणि कुठे मेल्यासारखा पडतो हे कळते. उत्तर भारतातले खेळाडू यालाच बॅटमध्ये 'स्ट्रोक' असणे म्हणतात. आवाजावर मात्र फार विसंबू नये, कारण खणखणीत नाद अति सुकलेल्या लाकडातूनही येतो आणि बंद, लहान दुकानात तो अधिकच गोड वाटतो. एकाच प्रतीच्या सात-आठ बॅटींवर ही परीक्षा घेतली की त्यांतल्या दोन बॅटी आपोआप वेगळ्या पडतात. दुकानदार ही परीक्षा घेऊ देत नसेल तर मेरठमध्ये पुढचे दुकान फार लांब नसते.

मुलांसाठी खरेदी करताना 'वाढत्या अंगाची' बॅट घेण्याचा मोह पालकांना होतो, आणि मराठी घरांत त्याला सचिनच्या उदाहरणाचे पाठबळही मिळते: लहानपणी थोरल्या भावाची मोठी बॅट वापरल्यामुळे त्याची हँडलवरील पकड खाली सरकली आणि पुढेही तो जड बॅटच वापरत राहिला, हे सर्वश्रुत आहे. अपवादाला नमुना मानणे इथे महागात पडते. मोठी बॅट पेलण्यासाठी मूल खालच्या हाताचा जोर लावू लागते, सरळ खेळायचा चेंडू आडव्या बॅटने खेळू लागते, आणि ही सवय सुटायला बॅटच्या आयुष्याहून अधिक वर्षे जातात. मापांचे आकडे कंपनीगणिक थोडे बदलत असल्याने तक्त्यावर न थांबता मुलाला पॅड-ग्लव्ह्ज घालून, पवित्र्यात उभे करून, बॅट उचलायला लावणेच योग्य.

'रेडी टू प्ले' या शिक्क्याचा अर्थही समजून घ्यावा. नवी बॅट लाकडी हातोड्याने काही तास, हळूहळू जोर वाढवत, ठोकून घ्यावी लागते, म्हणजे पृष्ठभागाचे तंतू एकमेकांत घट्ट बसतात. याला नॉकिंग म्हणतात. शिक्का असलेल्या बॅटीला यंत्राने थोडे ठोके दिलेले असतात, पण कडा आणि खालचे टोक, जिथे बॅटी सर्वाधिक फुटतात, ते हातानेच तयार करावे लागतात. तेव्हा शिक्का असला तरी जुन्या, मऊ झालेल्या चेंडूवर काही सत्रे खेळून मगच नवा चेंडू घ्यावा. गोलंदाजी-यंत्रातील खळगेदार प्लास्टिकचे चेंडू चामड्याच्या चेंडूपेक्षा लाकडाला अधिक जाचक असतात, आणि स्वस्तातले कडक चेंडूही तसेच. अकादमीतल्या जाळ्यात जुनी बॅट आणि सामन्यात नवी, ही वाटणी म्हणूनच चालत आली आहे. पात्यावर पारदर्शक आवरण नसेल तर कच्च्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, उकळलेल्या तेलाचा नाही, आणि हँडल जिथे पात्यात शिरते त्या सांध्यावर तेल जाऊ देऊ नये. दिल्लीचा मे-जून बॅटीला विशेष घातक ठरतो: लू वाहत असताना बंद मोटारीच्या डिकीत राहिलेली बॅट काही दिवसांतच इतकी कोरडी होते की पहिल्याच यॉर्करला तिचे टोक फाटते, त्याउलट पावसाळ्यात ओल्या मैदानावर टेकवलेले टोक पाणी शोषून फुगते. या दोन्ही प्रकारांत हमी बहुधा लागू होत नाही, आणि हमीच्या अटी वाचण्याची वेळ पैसे देण्याआधीची असते.

समाजमाध्यमांवरील बॅट-परीक्षणांनी आता जाहिरातीची जागा बरीचशी घेतली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि जानेवारी २०२३ पासून मोबदला किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट सांगणे अपेक्षित आहे. असा खुलासा नसलेल्या आणि एकाही बॅटला नावे न ठेवणाऱ्या परीक्षणाला जाहिरातच समजावे. ऑनलाइन विक्रीत छापील किमतीवर साठ-सत्तर टक्के सूट दाखवलेली असली तर त्या छापील किमतीने ती बॅट कधी विकली गेली होती का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. पडद्यावरूनच घ्यायची वेळ आली, तर ज्या नगाचे छायाचित्र दाखवले आहे तोच नग पाठवला जाईल का, त्याचे काट्यावरचे वजन काय आणि ठोकण्यापूर्वी तो परत घेतला जाईल का, हे तीन प्रश्न लेखी विचारून उत्तरे जपून ठेवावीत, कारण एकदा ठोकलेली बॅट कुणी परत घेत नाही. विक्रेत्याशी तक्रार मिटली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, पण तिथे पोहोचण्यासाठी कंपनीचे नाव, प्रत आणि वजन नमूद केलेले पक्के बिल हाताशी लागते. विनास्टिकरची, कारागिराकडून थेट घेतलेली प्लेन बॅट पुष्कळदा निम्म्या किमतीत तितकीच चांगली मिळते हे खरे असले, तरी तिच्यासोबत असे बिल सहसा येत नाही, आणि ही जोखीम लाकूड पारखता येणाऱ्यानेच पत्करावी.